घर रिनोव्हेट करताय? सीलिंगच्या लाइट्सआधी भिंतीच्या आत काय आहे ते बघा

मागच्या वर्षी आमच्या डोंबिवलीच्या घराचं काम काढायचं ठरलं, तेव्हा माझ्या फोनमध्ये 'न्यू होम' नावाचा एक फोल्डर होता. त्यात रील्समधून घेतलेले साठेक स्क्रीनशॉट. फॉल्स सीलिंग, त्याच्या कडेने पळणारी निळी-जांभळी एलईडी स्ट्रिप, टीव्हीमागे लाकडी पट्ट्यांची भिंत, बोललं की सरकणारे पडदे, सगळं होतं. आमचं घर म्हणजे ४२० चौरस फुटांचं वन बीएचके, इमारत १९९४ ची. बजेट साडेचार लाख, तेही बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातून. बाबांची अट एकच होती. चार-पाच वर्षांत हे घर विकून थोडं मोठं घ्यायचंय, तर घातलेला पैसा विकताना उपयोगी पडला पाहिजे.

त्या फोल्डरमधलं जवळपास काहीच झालं नाही. त्याला कारण आईचा एक जुना डायलॉग. "आपला नळ चावतो गं बाई," असं ती शेजारच्या काकूंना सांगायची. गीझर चालू असताना बाथरूमच्या नळाला हात लावला की तिच्या बोटांना झिणझिण्या यायच्या. आम्ही दोन वर्षं ते हसण्यावारी नेलं. वायरिंगचा अंदाज घ्यायला आलेल्या वायरमन दादांनी मात्र हे ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला. आधी गीझरचा स्विच बंद केला, मग म्हणाले, "हा आजपासून लावायचा नाही."

नळ का चावतो?

गीझरच्या आतलं कॉइल जुनं झालं की त्याचं इन्सुलेशन कमकुवत होतं आणि थोडा करंट गीझरच्या धातूच्या टाकीत, पाण्यात आणि लोखंडी पाइपात उतरतो. अर्थिंग नीट असेल तर हा करंट हिरव्या वायरमधून जमिनीत जातो. आमच्याकडे हिरवी वायरच नव्हती. तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक फक्त दाखवायला होतं, मागे काहीच जोडलेलं नव्हतं. मग करंटला जमिनीत जायचा रस्ता कुठला, तर नळाला हात लावणारा माणूस!

माझा पुढचा प्रश्न: एमसीबी होता की, तो का नाही पडला? इथे बहुतेकांचा गोंधळ होतो म्हणून नीट सांगतो. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. गीझरचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा असतो, म्हणजे त्याहून जास्त करंट वाहिला किंवा शॉर्टसर्किट झालं तरच तो पडणार. माणसाच्या जिवाला धोका व्हायला एक अँपिअरचा छोटासा अंशही पुरतो. त्यासाठी आरसीसीबी नावाचं वेगळं उपकरण लागतं. ते फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची सतत तुलना करत असतं. जेवढा गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे कुठेतरी गळतोय. घरासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घेतात, म्हणजे ०.०३ अँपिअर गळती झाली की सेकंदाच्या छोट्या भागात सप्लाय बंद. पण ओव्हरलोड झाला तर तो काही करत नाही, म्हणून बोर्डात दोन्ही लागतात. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते अधूनमधून दाबून बघा, खटकन पडला पाहिजे.

मग आमचं पहिलं काम ठरलं: पूर्ण रीवायरिंग. ऐंशी हजार गेले. दिसायला काय मिळालं? नवे स्विच. नातेवाईक बघायला आले आणि म्हणाले, "काम अजून सुरू व्हायचंय वाटतं!"

विकताना किंमत नक्की कशाची होते?

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी पैसे घालण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार आहे का? दोन-तीन वर्षांत इमारतच पाडणार असतील, तर इटालियन मार्बल लावा नाहीतर शहाबादी फरशी ठेवा, शेवटी सगळं डंपरमध्येच जाणार. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त वाचा, स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा, कन्व्हेयन्स झालंय का ते विचारा. आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स अजून व्हायचंय, त्यामुळे इमारत लगेच पडणार नाही हे नक्की होतं. रीडेव्हलपमेंटचं बोलणं पुढे गेलेलं असेल, तर फक्त सुरक्षेचं आणि गळतीचं काम करा, बाकी पैसे बँकेत ठेवा.

दुसरी गोष्ट मलाही माहीत नव्हती. स्टॅम्प ड्युटीसाठी सरकार जो रेडी रेकनरचा दर धरतं, तो भाग, क्षेत्रफळ, इमारतीचं वय अशा गोष्टींवर ठरतो. तुमचं मॉड्युलर किचन त्यात कुठेच येत नाही. बँकेचा व्हॅल्युअर येतो तोही मुख्यतः एरिया, लोकेशन, इमारतीचं वय आणि अवस्था, मंजूर नकाशा हेच बघतो. मग रिनोव्हेशनचा फायदा कुठे? तो गिऱ्हाइकाच्या नजरेत आणि घासाघीस करताना. आमच्या भागातल्या एका एजंटना मी सरळ विचारलं, लोक घर बघायला आले की आधी काय बघतात? ते म्हणाले, "बाथरूमच्या छताचा कोपरा. नळ उघडतात. मग भिंतीवर हात फिरवतात." ओलीचा एक डाग दिसला की समोरचा माणूस तिथूनच भाव पाडायला सुरुवात करतो. फॉल्स सीलिंग बघून मात्र कोणी भाव वाढवत नाही. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकला गेला. मालकांनी दोनच वर्षांपूर्वी हौसेने चकचकीत लाल किचन केलं होतं. नव्या लोकांनी राहायला येण्याआधी ते उचकटून टाकलं, कारण त्यांना लाल रंग आवडत नव्हता!

म्हणून मी खर्चाचे दोन ढीग केले. एक, भिंतीत आणि फरशीत राहणारं काम: वायरिंग, पाइप, वॉटरप्रूफिंग, खिडक्या. ते घरासोबत विकलं जातं. दुसरं, काढून सोबत नेता येणारं: पंखे, स्मार्ट बल्ब, राउटर, टीव्ही. ते स्वतःच्या आरामासाठी घ्यायचं, घराच्या किमतीत मोजायचं नाही.

बाथरूम: सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त वाद

बाथरूम आणि संडास मिळून आमचे १ लाख ६० हजार गेले. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने बाबांना अर्ध्या पैशात करून देतो म्हटलं होतं. "काका, टाइलवर टाइल मारू, तोडफोड नको." ऐकायला किती गोड! पण खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल होती आणि ती आमच्याच बाथरूममधून जात होती. वरून नवी टाइल मारली असती तर ओल तशीच राहिली असती आणि वर नवं वजन. शिवाय जुने लोखंडी जीआय पाइप आतून गंजून निम्मे बुजलेले. नळाला धार बारीक का येते याचं उत्तर तोडलेल्या पाइपाच्या तोंडातच दिसलं.

आम्ही दुसरा माणूस बघितला. जुना कोबा काढला, पाइप सीपीव्हीसीचे टाकले (गरम पाण्याला हेच चालतात, साधे पीव्हीसी नाही), वॉटरप्रूफिंगचा थर दिला. टाइल लावण्याआधी मी एका गोष्टीवर अडून बसलो. नहाणी ट्रॅप बुजवून बाथरूमभर पाणी भरून ठेवायचं आणि ४८ तास थांबायचं. गवंडी वैतागले, दोन दिवसांची मजुरी बुडते म्हणून. ते बरोबरच होतं, आम्ही एका दिवसाचे पैसे भरून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन. कोपऱ्यात पाणी दिसतंय! पाइप भिंतीत शिरतो तिथला सांधा राहून गेला होता. तो परत केला, परत पाणी भरलं, तेव्हा कोरडं निघालं. टाइल लावल्यावर हे कळलं असतं तर पुन्हा सगळं फोडावं लागलं असतं. टाइल बसल्यावर ढाळ तपासायला वेगळं काही लागत नाही. एक बादली ओता आणि पाणी कुठे थांबतं ते बघा.

फोनचा खरा उपयोग

आता आपल्या आवडीचा विषय. रिनोव्हेशनमध्ये फोनचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे कॅमेरा, आणि तोसुद्धा प्लास्टर चढायच्या आधी. भिंतीत झिरी मारून पाइप टाकले की गिलावा होण्याआधी एखादा दिवस सगळं उघडं असतं. तेव्हा प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. समोरून, सरळ उभं राहून, आणि फ्रेममध्ये उघडलेली मेजरिंग टेप ठेवून. एक टेप जमिनीपासून वर, एक कोपऱ्यापासून आडवी. पॅनोरमा मोड वापरू नका, त्यात अंतरं वाकडी होतात.

आणि हे फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवून ठेवू नका. व्हॉट्सअॅप फोटो बारीक करतं आणि तारीख-ठिकाणाची आतली माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा थेट ड्राइव्हवर टाका. पुढे घर विकताना 'नवीन वायरिंग केलंय' असं तोंडी सांगणं वेगळं आणि तारखेसकट हिरवी वायर दाखवणं वेगळं. आम्हाला तर महिन्याभरातच उपयोग झाला. किचनचं वरचं कपाट टांगायला सुतार काका ड्रिल घेऊन उभे राहिले, मी फोटो उघडला, तर त्यांनी पेन्सिलने केलेली खूण बरोबर गरम पाण्याच्या पाइपावर होती.

"पण वॉल स्कॅनर अॅप असतात ना?" असतात, पण त्यांच्या भरवशावर ड्रिल मारू नका. ते फोनमधला मॅग्नेटोमीटर वापरतात, म्हणजे होकायंत्राचा सेन्सर. तो चुंबकीय क्षेत्र मायक्रोटेस्लात मोजतो. भिंतीतली लोखंडी सळई जवळ आली की आकडा वाढतो, म्हणून सळईचा अंदाज येऊ शकतो. पण वायर तांब्याची आणि पाइप प्लास्टिकचा. तांबं आणि प्लास्टिक चुंबकाला दाद देत नाहीत, मग अॅपला दिसणार कसे? अॅपने 'इथे काही नाही' म्हटलं याचा अर्थ 'इथे लोखंड नाही' एवढाच.

लांबी-रुंदी मोजणारे अॅपही तसेच. सोफा बसेल का हे बघायला ठीक. लिडार सेन्सर असलेल्या आयफोन प्रोमध्ये (१२ प्रो पासून पुढे) माप बरंच चांगलं येतं, साध्या फोनवर एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे सहज होतात. किचनचं कपाट दोन सेंटिमीटरने मोठं झालं तर बसत नाही, तेव्हा टेपच घ्या. डेसिबल मोजणारं अॅप मात्र मला आवडलं. त्याचा नेमका आकडा खरा नसेलही, पण त्याच फोनने, त्याच जागी उभं राहून, लोकल जाताना खिडकी बदलण्याआधी आणि नंतर मोजलं तर फरक कळतो. आमच्या बेडरूममध्ये तो चांगलाच कळला. ४५ हजार खिडक्यांवर गेले, जाळीसकट, आणि रात्रीची झोप बघता मला ते सगळ्यात वसूल वाटतात.

स्मार्ट होम करायचंच असेल तर

झिरी मारलेली असताना दोन गोष्टी करून घ्या, त्यांना फार पैसे लागत नाहीत. पहिली, प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल वायर. साधा स्विच फक्त फेज तोडतो-जोडतो, त्याला न्यूट्रल लागत नाही. स्मार्ट स्विचमध्ये मात्र छोटी चिप असते आणि लाइट बंद असताना वायफायवर तुमचं ऐकायला तिला सतत थोडी वीज लागते. त्यासाठी न्यूट्रल हवा. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे तो बहुतेक असतोच, नुसत्या स्विचच्या बोर्डात अनेकदा नसतो. बोर्डाचा डबाही खोल घ्या, नाहीतर मॉड्यूल मागे मावत नाही.

दुसरी, हॉलमधून बेडरूमपर्यंत एक रिकामा पाइप आणि त्यात कॅट-६ केबल. वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड वेगवान असतो पण भिंतीपुढे लवकर दमतो, २.४ लांब जातो पण हळू. केबलला भिंतीशी देणंघेणं नाही. फक्त ती विजेच्या वायरच्या पाइपात घालू देऊ नका, वेगळा पाइप हवा.

वायर घेताना तिची जाडी वायरमनला विचारा. लाइट-पंख्याला दीडची, सॉकेटला अडीचची, गीझर-एसीला चारची, असं साधारण चालतं. आणि विजेचं बिल काढून त्यावर 'मंजूर भार' बघा. आमच्या बिलावर १ किलोवॅट होता, १९९४ चा. आज एकटा गीझर २ किलोवॅटचा, दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट खातो, वर इंडक्शन. आम्ही महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज केला. घरातली वायर जाड आणि मीटरकडून येणारी जुनीच बारीक, असं ठेवून उपयोग नाही.

पंखे बीएलडीसी घेतले. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा तीसेक. दिवसाला १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. आठ रुपये युनिट धरा, १६० रुपये. साध्या पंख्यापेक्षा दीडेक हजार जास्त गेले, ते वर्षभराच्या आत सुटतात. घर सोडताना पंखे खोलून नेणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

रंग आणि किचनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फिका रंग, साधी कपाटं, ग्रॅनाइटचा ओटा. लाल नाही.

हे करू नका

भिंत पाडून ओपन किचन करायची हौस मलाही होती. पण कुठली भिंत नुसती पार्टिशन आहे आणि कुठे कॉलम-बीम आहे हे यूट्यूब बघून ठरवायचं नसतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. बाल्कनी आत घेतली की घर 'मोठं' झालं असंही समजू नका. रेराच्या २०१६ च्या कायद्यातल्या कार्पेट एरियात बाल्कनी धरतच नाहीत, आणि मंजूर नकाशाशी घर जुळलं नाही तर गिऱ्हाइकाच्या लोनला बँक शंका काढू शकते. म्हणजे विकायच्या वेळीच डोकेदुखी.

बिलं मात्र सगळी जपा. घर विकल्यावर नफ्यावर कर लागतो तेव्हा घरात केलेल्या कायमस्वरूपी सुधारणांचा खर्च हिशोबात धरता येतो, नुसतं रंगकाम सहसा नाही. कुठलं बिल चालेल ते तुमच्या सीएला विचारा, पण बिलच नसेल तर सीए तरी काय करणार? मी प्रत्येक बिलाचा स्कॅन भिंतींच्या फोटोंसोबत त्याच ड्राइव्ह फोल्डरमध्ये टाकलाय. सोसायटीचं परवानगी पत्रही तिथेच. आणि तो फोल्डर बाबांच्या अकाउंटला शेअर केलाय, कारण घर त्यांच्या नावावर आहे आणि माझा फोन वर्षातून एकदा तरी पाण्यात पडतो.

राहता राहिली एलईडी स्ट्रिप. ती मी घेतलीच. सहाशे रुपयांची, टीव्हीच्या मागे चिकटवलेली, यूएसबीवर चालणारी. आईला ती अजिबात आवडत नाही, ती आली की मी बंद करतो. नळाला मात्र ती आता बिनधास्त हात लावते.